अर्धीच सांगितलेली साक्ष

“तुमचा टीबी परत आलाय,” डॉक्टर म्हणाले. “आणि आता तो एमडीआर आहे.” एमडीआर म्हणजे नेहमीच्या मुख्य गोळ्यांना न जुमानणारा. मग त्यांनी माझी जुनी फाईल चाळली. “कोर्स सहा महिन्यांचा होता. तिसऱ्या महिन्यात बंद का केलात? परवडत नव्हता?”

हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वारज्याला स्वतःचा फ्लॅट. परवडत नव्हता असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी विषय बदलला. तुम्हाला मात्र खरं कारण सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी आज तेच करायच्या बेतात असेल.

पहिल्या वेळी खोकला मला ऑफिसच्या एसीमुळे वाटला होता. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी उपास धरून प्रार्थना केली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. पाळकसाहेब म्हणाले, रविवारी साक्ष द्या. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, ती साक्ष.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी उभा राहिलो आणि म्हणालो, “प्रभूने मला पूर्ण बरं केलं.” गोळ्यांचं नावही घेतलं नाही. त्याने प्रभूचा महिमा कमी होईल, अशी मनाची समजूत घातली. खरं तर माझाच कमी झाला असता. टाळ्या पडल्या. आता घरी जाऊन गोळी घेणं म्हणजे अविश्वास. सोमवारपासून ती मी बंद केली.

एमडीआरची औषधं सुरू करायला मला दाखल केलं. एक्स-रेसाठी मास्क लावून बाकावर बसलो होतो, तर शेजारच्या व्हीलचेअरमधून हाक आली. आमच्या चर्चच्या एस्तेरमावशी, खडकीला एकट्या राहणाऱ्या. धाप लागली होती, तरी हसल्या.

“अहो ब्रदर, तुम्ही इथे कसे? तुम्ही तर बरे झाला होतात! तुमची साक्ष ऐकूनच मी गोळ्या सोडल्या.”

त्यांनाही टीबी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं कबूल केलं. तेवढ्यात त्यांना एक्स-रेसाठी आत नेलं.

संसर्गामुळे मला चर्चला जायची बंदी होती. मी सगळं खरं लिहून चिठ्ठी पाठवली. पाळकसाहेबांचा फोन आला, “जरा सौम्य लिहाल का? लोकांचा विश्वास डळमळेल.”

“आहे तशीच वाचा,” मी म्हणालो. “आणखी कोणी गोळ्या सोडल्या असतील तर?”

त्यांनी वाचली.

दुसऱ्या दिवशी नर्सने मला मावशींपाशी पाच मिनिटं जाऊ दिलं. इतकी वर्षं चर्चतर्फे मी अनोळखी रुग्णांच्या खाटेशी उभा राहून प्रार्थना करत आलो होतो. तिथे तोंडातून शब्द फुटेना.

“राहू द्या, ब्रदर,” मावशी म्हणाल्या. “आज मी करते.”

माझ्या डोक्यावर हात ठेवून, एकेका श्वासाला थांबत, त्यांनी माझ्या फुप्फुसांसाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मी पुरती दोन वर्षं औषधं घेतली आणि बरा झालो. आता देवाचे आभार मानायला उभा राहतो तेव्हा आधी माझी चूक सांगतो, मग गोळ्यांचं सांगतो, आणि मावशींचं नाव घ्यायची वेळ आली की मला समोर बघवत नाही.