गुडघ्यातलं वंगण

आईच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, हे निदान आमच्या गावच्या, करमाडच्या बायाबापड्यांनी डॉक्टरच्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं. उपायही त्यांनीच सांगितले. बाभळीच्या शेंगांची पूड, तेल लावून शेकलेलं रुईचं पान, डिंकाचे लाडू आणि दर रविवारी बकरीच्या पायांचा रस्सा. वंगण आटलं तर वंगण घाला, इतका साधा हिशेब. आई हे सगळं मन लावून करत होती, कारण तिला परत रानात जाऊन खुरपायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा उपद्व्याप कशासाठी झाला ते कळेल. जिना चढणं, देवदर्शनाला जाणं, बागेत फिरणं यातलं तिला काही नको होतं. उकिडवं बसायचं, हातात खुरपं घ्यायचं आणि सरकत सरकत पिकाची एक ओळ काढायची. आमच्याकडं त्या ओळीला पात म्हणतात. पात काढता येईना म्हणून ती शहरात, उस्मानपुऱ्यात माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती, आणि पात काढता यावी म्हणून परत जायचं म्हणत होती.

मी जवळच्याच शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मला लहानपणापासून एक खोड आहे: वस्तू उघडून आत काय आहे ते बघायची. बाहुलीच्या पोटातला कापूस, रेडिओच्या मागचा भाग, शेवग्याच्या शेंगेतली बी, काही सोडलं नाही. आई म्हणते, "हिला सासरी धाडलं तवा मला भेव होतं, नवऱ्याचं पोट उघडून बघती का काय." नवरा अजून धडधाकट आहे.

गुडघ्याचं डॉक्टरांनी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर समजावून सांगितलं होतं. हाडाच्या टोकांवरची गादी झिजली आहे, आता हाडावर हाड घासतंय, सांधा बदलावा लागेल. चालता येईल, जिने चढता येतील, दुखणं जाईल. मांडी घालून बसणं मात्र बंद, उकिडवं बसायचं तर नावच काढायचं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हंजी खुरपायचं नाय." मी म्हटलं, "आई, चालता तरी येईल." ती म्हणाली, "चालून कुठं जायचं?"

दुसऱ्या दिवसापासून शेंगांच्या पुडीचा डोस दुप्पट झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की तिला ऐकू यायचं बंद व्हायचं.

त्याच सुमाराला माझा वर्गात ऊतींचा धडा चालू होता. हा धडा म्हणजे तक्त्यांचं जंगल. वनस्पतींच्या ऊती, प्राण्यांच्या ऊती, त्यांचे प्रकार, उपप्रकार, कार्ये. मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, म्हणून मी खायच्या वस्तू घेऊन जाते. सीताफळ खाताना दाताखाली रवाळ कचकच लागते ना, त्या कठीण झालेल्या दगडी पेशी. अंबाडी पाण्यात कुजवून जिचा दोर वळतात ती दृढ ऊती. मेथीचा देठ वाकतो पण पटकन तुटत नाही, तो त्याच्यातल्या स्थूलकोन ऊतीमुळं. बटाटा म्हणजे नुसती साठवण, मूल ऊती. सीताफळ वर्गात फिरवलं तर परत येताना फक्त बिया येतात, पण धडा लक्षात राहतो.

मग प्राण्यांवर आले. फळ्यावर लिहिलं: कास्थी, गुळगुळीत, लवचीक, हाडांच्या टोकांवर असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. आणि तिथंच थांबले. डॉक्टरांनी सांगितलेली गादी ती हीच. रक्तवाहिन्या नाहीत, मग ती जगते कशावर? आणि पायांचा रस्सा तिथपर्यंत जातो तरी कुठल्या वाटेनं? इतकी वर्षं हे वाक्य मी लिहीत होते आणि आईचा गुडघा रोज माझ्यासमोर खुर्चीत बसलेला होता. मला एकदम तो गुडघा उघडून बघावासा वाटला.

आईचा उघडता येणार नव्हता. म्हणून रविवारी मी छावणीच्या बाजारात गेले. आमचा नेहमीचा मटणवाला पाये काढायला लागला, तर मी म्हटलं, "आज पाये नको भाई. मांडी आणि नळी जिथं जुळते तो सांधा द्या. अख्खा. तोडायचा नाही."

"तोडना नक्को? फिर पकाते कैसा मॅडम?"

"पकवायच्या आधी बघायचाय."

"क्या देखना उसमें?"

"घुटना."

त्यानं सुरी खाली ठेवली आणि रांगेतल्या बाकीच्यांना सांगितलं, "लो, मॅडम घुटना देखने आए." सगळे हसले, मीही हसले. पण सांधा त्यानं छान जपून काढला, आणि बांधून देताना म्हणाला, "अम्मी के वास्ते होना तो पाये बी ले जाओ. उसमें चिकनाई जास्ती रहती." म्हणजे हाही वंगणवाल्यांच्याच पार्टीतला निघाला. मी पायेही घेतले.

स्वयंपाकघरात फरशीवर जुने पेपर पसरले. आई खुर्ची ओढून जवळ बसली. "हे काय शाळेचं हाय का खायचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी शाळेचं, मग खायचं.

पहिल्यांदा मांस बाजूला केलं. ते धाग्याधाग्यानं सुटतं, कारण स्नायूच्या पेशी लांबट असतात आणि सगळ्या एका दिशेनं ओढतात. आईनं आयुष्यभर मटण शिजवलं, पण धागा कुठं जातो हे तिनं आज पहिल्यांदा बोट लावून शोधलं. तो एका पांढऱ्या चकचकीत पट्ट्यात संपत होता, आणि पट्टा हाडाला चिकटलेला. "ही शीर," आई म्हणाली. पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हणतात. माझी भाजी चिरायची सुरी तिच्यावर नुसती घसरत राहिली. शेवटी आईनं फडताळातून तिची विळी आणायला सांगितली. मग पिवळसर चरबी निघाली, एक मऊ पांढरा दोरा निघाला तो चेतातंतू असावा, आणि हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध. ते कापले तेव्हा कुठं सांधा उघडला.

हाडाच्या टोकावर निळसर पांढरा थर होता, ओला, चमकणारा. तळाशी थोडंसं चिकट पाणी. आईनं बोट फिरवलं. "साबणावानी हाय गं. लई गुळगुळीत." तिनं परत फिरवलं, आणि परत. मग स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, तसाच राहू दिला.

"हेच झिजलं व्हय माझं?"

"हेच."

"जातं झिजलं की टाकी लावून आणतो. तसं न्हाई होत?"

"टाकी खरबरीत करायला लावतात आई. इथं गुळगुळीत पाहिजे."

ती हसली, पण विचारायची थांबली नाही. मी त्या थराची पातळ चकती कापली. खालच्या हाडात लाल ठिपके दिसत होते, मांस तर लालच होतं, पण त्या थरात रक्ताचा मागमूस नव्हता. आईनं चकती उजेडात धरली.

"रगत न्हाई. मग हिला खाऊ कोण घालतं?"

ज्या प्रश्नापाशी मी फळ्यासमोर अडकले होते, तोच हा. एव्हाना मी वाचून ठेवलं होतं. मी सांगितलं की हे चिकट पाणीच तिला खाऊ घालतं. चालताना थर दाबला जातो, सुटतो, आणि पाणी थोडं थोडं आत मुरतं.

"मग वंगण हायच की!" आईनं टाळी वाजवली. "करमाडच्या बाया खोटं बोलत नव्हत्या."

"वंगण आहे. ज्याच्यावर ते लावायचं तेच गेलंय."

"मग ते परत कामून येत न्हाई?" तिनं खिडकीबाहेर बोट केलं. तिथल्या कुंडीतला कढीपत्ता तिनंच उन्हाळ्यात बुडापर्यंत छाटला होता, आणि आता तो पानांनी भरला होता. "त्याला येतं. मला कामून न्हाई?"

मी सांगायला लागले. झाडाच्या शेंड्यांना, मुळांच्या टोकांना, खोडात सालीच्या आत विभाजी ऊती असते. तिचं काम एकच, नव्या पेशी करत राहणं. झाड कितीही म्हातारं झालं तरी त्याच्या अंगात कुठं ना कुठं हे कोवळं काम चालूच असतं.

"आणि आपल्यात ठेवलंच न्हाई?"

"ठेवलंय. कातडी नवी येते, रक्त नवं होतं. मोडलेलं हाड जुळतं."

"ते म्हाईत हाय. तुझ्या बापाचा हात जुळला होता. आणि गुडघ्यात?"

"तिथं नाही आई. तिथली झीज भरून येत नाही."

हे वाक्य मी वर्गात अगदी सहज म्हणून टाकलं असतं. तिच्यासमोर म्हणून झालं आणि मी उगीच पेपर गोळा करायला लागले. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण तिनं ते तेव्हा धरलं नव्हतं. आता चकती तिच्या हातात होती.

चकती खाली ठेवून तिनं विचारलं, "आणि पाये?"

"पोटात गेले की त्यांचे बारीक तुकडे होतात. शरीर ते पाहिजे तिथं वापरतं. बकरीचा गुडघा उचलून तुझ्या गुडघ्यात कोणी नेऊन ठेवत नाही."

"मग येवढे रविवार मी कशापायी प्यायले?"

"चवीसाठी."

"ते मातर खरं," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसूनच मसाला वाटायला मागितला. त्या दिवशीचा रस्सा झकास झाला होता.

त्यानंतर शेंगांची पूड बंद झाली. एका सकाळी चहा पिताना आईनं विचारलं, "डॉक्टर नवा सांधा बसवणार, तर जुनं जे काय हाय ते?"

"हाडाची टोकं कापतात वरून. त्याच्यावर नवीन बसवतात."

"त्या टोकाला थोडी ती गादी शिल्लक असंल?"

"कडेकडेनं असेल."

"ती फेकणार?"

"फेकणार."

तिनं कप खाली ठेवला. "मग मला आधी रानात ने. असंल नसंल तेवढी वापरून घेते. चांगली वस्तू अशी कशी टाकायची?"

मी भडकले. आधीच उभं राहवत नाही, त्यात खुरपायचं म्हणे. पडलीस, काही मोडलं, तर ऑपरेशनही राहील. मी बरंच तोंड वाजवलं. ती शांतपणे म्हणाली, "तूच सांगितलं ना, परत येत न्हाई म्हणून?" शेवटी डॉक्टरांना फोन केला, म्हटलं तेच नाही म्हणतील. ते आधी हसले. मग म्हणाले, दुखेल खूप, पण ते आपण काढणारच आहोत. फक्त पडू देऊ नका, आणि एकटीला सोडू नका.

त्यामुळं एका शनिवारी आम्ही करमाडला गेलो. तिथं वेगळीच पंचाईत झाली. माझ्या भावानं सगळ्या रानात तणनाशक मारलं होतं. आई बांधावर काठी टेकून उभी, आणि खुरपायला तणच नाही. भाऊ ओशाळला. भावजयीनं मात्र डोकं चालवलं. विहिरीजवळ तिनं घरापुरती मिरची लावली होती, तिथं तिनं फवारू दिलं नव्हतं. तिथं हवं तेवढं तण होतं.

आईला आम्ही दोघींनी धरून खाली बसवलं. गुडघे पूर्ण वाकलेच नाहीत. एक पाय जमेल तेवढा पोटाशी आणि दुसरा बाजूला लांब, अशी ती कशीबशी बसली. चेहरा पांढरा पडला होता. मी उठ म्हणणार, इतक्यात तिनं खुरपं मागितलं, आणि तिचा हात चालायला लागला. हात काहीच विसरला नव्हता. मिरचीच्या बुडाशी हलकेच, मधल्या जागेत खोल, उपटलेलं तण डाव्या बाजूला. ती सरकायची, थांबायची, श्वास घ्यायची आणि परत सरकायची.

मी शेजारची पात धरली आणि पहिल्या झटक्यात मिरचीचं रोप उपटलं. "मास्तरीणबाई," आई ओरडली, "ते तण न्हाई!" भावजय तोंडाला पदर लावून हसली.

पुढं हराळी लागली. आईनं तिची लांबच लांब वेल मातीतून ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. प्रत्येक पेरापाशी मुळ्या फुटलेल्या होत्या. "हिच्यात हाय व्हय ते तुझं, नवं नवं होनारं?"

"हो. पेरापेरात. एक तुकडा राहिला तरी परत येईल."

"बघ ना. देवानं दिलं तर कुणाला, हराळीला." तिनं वेल बांधाच्या दिशेला लांब फेकली आणि पुढं सरकली.

बाकीच्या ओळी तशाच होत्या, पण ती दुसरीकडं वळली नाही. विहिरीच्या कठड्यापर्यंतची ती एक पात तिनं पुरती काढली. मग खुरपं मातीत टेकवून बसून राहिली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

उठवताना भावजयीनं पुढून हात धरले आणि मी एक हात तिच्या काखेत घातला, दुसरा गुडघ्याखाली. ती वर येत होती तेव्हा माझ्या तळव्याखाली आत काहीतरी करकरलं. हाडावर हाड. इतके दिवस मी ते फळ्यावर लिहिलं, बकरीच्या सांध्यावर दाखवलं, तिला समजावून सांगितलं. आता ते माझ्या हाताला लागलं, आणि मी आईला घट्ट धरून रडले. तिनं मला रडू दिलं.

मग तिनं खुरप्याची माती पदरानं पुसली. ते माझ्याकडं न देता भावजयीच्या हातात दिलं.

"चल," मला म्हणाली. "आता काय कापायचं ते कापू दे डॉक्टरला."