पिंगळ्यांसाठी तीन आठवडे

या पृथ्वीवर माणसं फार झाली, हे मनापासून कळलेला एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे माझे थोरले साडू. आणि त्यांना चार मुलं आहेत.

ते शिरड शहापूरला राहतात. मास्तरकीत असताना जनगणनेची कामं केली. नोकरी संपली, मोजणी सुटली नाही. घरांवर टाकतात तसे त्यांनी गावातल्या झाडांवर गेरूने क्रमांक टाकलेत. पहिल्या वर्षी दोनशे चौदा झाडं भरली, यंदा एकशे शहाण्णव. वही मी स्वतः तपासली आहे. बेरीज बरोबर आहे. मलाही आताशा त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा येतो, कारण आकडे नेहमी त्यांच्याच बाजूने असतात. बारशाला मात्र त्यांना कोणी बोलवत नाही. एकदा पाळण्यापाशी उभे राहून म्हणाले होते, "एक वाढलं. कमी कोण झालं, ते पाह्यलं का कोणी?" त्यांची बायको तिथंच कडाडली, "चार लेकरं व्हईस्तोवर कुठं गेलती तुमची मोजणी?"

"बराबर हाय," ते थकल्यासारखे म्हणाले. "चूक माझीच हाय."

गेल्या उन्हाळ्यात प्रकरण घरावरच आलं. माणसं आठ, खोल्या दोन. धाकटी सून पहिल्या बाळंतपणाला औंढ्याला माहेरी गेलेली. तिला मुलगी झालेली. सव्वा महिना भरत आला होता, ती लेकीला घेऊन येणार, म्हणून परसातला कडुलिंब पाडून पत्र्याची खोली करायची ठरली. तोडणारा आला, आणि ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे त्या चिमुकल्या घुबडाची, तीन पिलं दिसली. साडूंनी त्याला परत पाठवलं आणि विहीणबाईंना फोन लावला, "पोरीला आणखी तीन आठवडे ठेवून घ्या. आमच्याकडं दुसरी बाळंतीण हाय."

"कोण?"

"पिंगळी."

"आमच्या लेकीपरीस घुबड मोठं झालं व्हय?" विहीणबाई भडकल्या. शेवटी सुनेनंच फोन घेतला. "मामा, एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी मी निघून राहिले."

एकोणिसाव्या दिवशी शेवटचं पिलू उडालं. विसाव्या दिवशी झाड पडलं. सून आली तेव्हा पत्रे चढायचे होते.

महिन्याभरानं मी फोन केला. खोली कशी झाली, विचारलं.

"चांगली हाय. मागच्या बाजूनं खिडकी तेवढी ठेवली न्हाई."

"का हो?"

"ते दोघं नवरा-बायको रोज सांजच्याला तिथं तारेवर येऊन बसतात, साडूभाऊ. लेकराकडं पाहून राहिलेत का माझ्याकडं, कळत न्हाई."

पलीकडं नात रडायला लागली. "ठेवतो," ते म्हणाले. पण बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.