अंटार्क्टिकात लागलेला मिरच्यांचा ठसका

नजर लागणं, ती उतरवणं... यावर माझा काडीचाही विश्वास नाही. मी बर्फाची अभ्यासक आहे हो! पण मागच्या मोहिमेत जे झालं, ते अजून पचत नाही.

माझं माहेर पारनेरजवळ. तिकडे बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. आणि मी होते बर्फ फोडत जाणाऱ्या संशोधन जहाजावर, अंटार्क्टिकाजवळ. निघताना जहाजाचा फोटो माहेरच्या आत्याला पाठवला होता — लालभडक, नव्या ट्रॅक्टरसारखं चकचकीत.

तर ते जहाज अडकलं. मागे घ्यायचं, जोर लावून बर्फावर चढवायचं... हलेचना! डिझेल वाचवायला गरम पाणी बंद, मग स्वयंपाकघरही बंद. माहेरी सॅटेलाइट फोनवरून कसंबसं कळवलं, की अडकलोय.

त्या दुपारी आम्ही गार सँडविच खात होतो. कॅप्टन शिंकले. मग खोकले. मग सगळेच! नाकाडोळ्यांतून पाणी... मी वास ओळखला — चुलीत जळणाऱ्या लाल मिरच्या! पण जहाजावर मिरची कुठली? आमचा आचारी मिरपूडसुद्धा घाबरत टाकायचा.

आग लागली समजून अलार्म वाजला, इंजिनं बंद केली, सगळे खोकत डेकवर. तिथे उघड्या वाऱ्यात ठसका आणखी जोरात! तेवढ्यात कडाडकन आवाज झाला. समोरचा बर्फ दुभंगला आणि काळं पाणी दिसलं. कॅप्टन खोकतच ओरडले, "इंजिन सुरू करा!"

सुटलो. नेट मिळताच आत्याला फोन लावला. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "आगं, दुपारी तुज्या जहाजाची नजर काढली. मोबाईलमदल्या फोटूवरून मीठ-मिरच्या ववाळून चुलीत टाकल्या. लई वाईट नजर हुती बग! मिरच्यांचा कोळसा झाला, पन घरात कुनाला ठसका न्हाई."

"तो इकडे आला, आत्या... कॅप्टन अजून खोकतायत."



"आगं बया! परक्या मानसाला उगंच तरास. त्याला आलं-गूळ दे."

बर्फ वाऱ्याची दिशा बदलल्यामुळे फाटला, असं सहकारी म्हणतात. मान्य. पण ठसका? हवेचे नमुने तपासले, काही सापडलं नाही. शेवटी कॅप्टननी 'स्वयंपाकघरातला धूर' असं ठरवून विषय संपवला. तेव्हापासून आचारी सगळ्यांवर रुसलाय... त्याने त्या दिवशी शेगडी पेटवलीच नव्हती. त्याची समजूत कशी घालू? मलाच काही कळलेलं नाही.