कोरडा फ्लॅश

या शहरातल्या निम्म्या लोकांच्या सरळ माना आमच्या दाजींनी वाकड्या केल्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या वाकड्या माना सरळ केल्या. हे काम ते चाळीसहून जास्त वर्षं निष्ठेने करत आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आणि धंदा फोटोचा. शहागंजात एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर अकरा पायऱ्यांचा उभा जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ लागतो. जिना असा की वर पोचलेला माणूस दोन मिनिटं बोलू शकत नाही, आणि दाजींना थांबायची सवय नाही. त्यामुळे शहरातल्या कुणाचाही जुना पासपोर्ट फोटो बघा. नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळे बाहेर आलेले दिसले की समजायचं, हा माणूस आमच्या दाजींचा जिना चढून गेलेला आहे.

एवढ्या दुनियेचे फोटो काढणाऱ्या या माणसाबद्दल आमच्या घरात मात्र एक कायमची तक्रार आहे. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, एकही धड फोटो आमच्याकडे नाही. माझ्या लग्नात त्यांनी जन्मात पहिल्यांदा आपण होऊन उभं राहून दाजींकडून एक फोटो काढून घेतला होता, आणि तो आलाच नाही. लॅबवाल्याने रोलचं टोक जाळलं, असं दाजी सांगत आले. लग्नाच्या बाकीच्या फोटोंत अण्णा तीन ठिकाणी आहेत: एकात त्यांची पाठ आहे, एकात कान आहे आणि एकात ते व्याह्यांच्या फेट्याच्या मागे आहेत असं आई सांगायची. राहिला मतदार कार्डावरचा फोटो. अण्णा गेल्यावर तो मोठा करून आणला तेव्हा आईने विचारलं, हे कोण. बैठकीच्या भिंतीवर अण्णांसाठी मारलेला खिळा तेव्हापासून मोकळाच आहे, आणि दाजी आले की आमच्यापैकी कुणी ना कुणी त्याच्याकडे सहज म्हणून बघतंच.

दाजींचं पहिलं तत्त्व असं की फोटोत हसायचं नाही. "हसलं की माणूस गबाळा दिसतोय. दात दाखवायचे तर डॉक्टरकडं जायचं, माझ्याकडं कशाला?" असा त्यांचा सवाल असतो. एकदा स्थळाला पाठवायचा फोटो काढायला एक हसरी मुलगी आली. तिला काही केल्या गंभीर होता येईना. दाजींनी तासभर दम धरला आणि शेवटी स्वतःच्या आईच्या आजारपणाची हकिगत पहिल्यापासून सांगितली. मुलीच्या डोळ्यांत पाणी यायला आणि दाजींनी बटण दाबायला एकच गाठ पडली. तो फोटो बघून मुलाकडच्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण तिच्यावर घरून जबरदस्ती तर होत नाही ना, तेवढं कळवा. ते लग्न जमलं, आणि ती बाई अजून कुठे भेटली की दाजींना आधी आईची तब्येत विचारते.

स्टुडिओ नवा होता त्या दिवसांत दाजी पाचोडच्या आठवडी बाजारात पडदा घेऊन जात. आमचं गाव पाचोडच्या जवळच, त्यामुळे हा पडदा मी लहानपणापासून ओळखतो. त्यावर ताजमहाल होता. तसं दाजींनी सांगितलं होतं, आणि पेंटरनेही तेच ठरवून सुरुवात केली होती. पण तो राहायला बेगमपुऱ्यात, आग्रा त्याने बघितलेलं नाही, आणि ताजमहालाची नक्कल म्हणून बांधलेला आमच्या शहरातला मकबरा घराच्या दारातून दिसणारा. त्याने डोळ्यांसमोर जे होतं ते काढलं आणि पुढे कारंजी घातली. पाचोडच्या लोकांनी वर्षानुवर्षं बैल विकून आल्यावर, नवं लुगडं घेतल्यावर, या ताजमहालासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. पुढे एक गुरुजी सहलीला खरंच आग्र्याला जाऊन आले आणि बाजाराच्या दिवशी भर गर्दीत दाजींना म्हणाले, "अहो, तिथला ताजमहाल तुमच्यासारखा नाय." दाजींनी कॅमेऱ्यातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. म्हणाले, "आता त्यांनी येगळा बांधला, त्याला मी काय करू?"

हल्लीच्या फोटोवाल्यांबद्दल दाजी फार बोलत नाहीत, पण जे बोलतात ते अक्काला शेजारी ऐकू जाऊ नये असं वाटतं. एका लग्नात चार हजार फोटो काढतात हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "बघतंय कोण?" तरी मधे एका ओळखीच्या घरून लग्नाआधीचे फोटो काढायचं निमंत्रण आलं. मुलाच्या आजोबांनी हट्टाने दाजींचंच नाव सांगितलं होतं. हर्सूलच्या तलावावर जायचं होतं. दाजी रिक्षातून घरचे दोन स्टूल घेऊन पोचले. मुलाने समजावून सांगितलं की आम्ही दोघं हातात हात घालून पाण्याच्या काठाने पळत येऊ, तुम्ही फक्त काढत राहा. दाजी म्हणाले, "पळायचं आसंल तर पोलीस भरतीला जा. इथं बसा." दोघं स्टुलांवर बसली, हात गुडघ्यांवर, नजर समोर, मागे तलाव. एक फोटो निघाला आणि दाजी स्टूल उचलून घरी आले. ती दोघं हिरमुसली, पण आजोबांनी तोच फोटो फ्रेम करून घेतला. नजर समोर असली तरी नातवाचं पहिल्यांदाच शेजारच्या माणसाकडे लक्ष आहे असं त्यात दिसतं, असं ते म्हणाले.

या सगळ्याच्या मुळाशी रोल होता. छत्तीस फोटोंच्या रोलवर ज्याने अख्खी लग्नं उरकली, त्याचा हात सैल कसा राहणार? लग्नात वऱ्हाड शेकड्यांनी, आणि प्रत्येकाला नवरानवरीबरोबर उभं राहायचं असायचं. त्यावर त्या काळच्या फोटोवाल्यांकडे एक उपाय होता, त्याला ते कोरडा फ्लॅश म्हणत. फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं. ते दाबलं की लखकन उजेड पडतो, फोटो निघत नाही. माणूस डोळे चोळत, समाधानाने जेवायला जातो. दाजी या कलेत फार वरचे होते. बटण दाबायच्या आधी ते, ज्याला कोरडा फ्लॅश द्यायचा त्यालाच जास्त वेळ हनुवटी वर कर, खांदा खाली घे असं करायला लावत, म्हणजे संशय येत नसे. आमच्या भागातल्या एका माजी सरपंचांना त्यांनी सात लग्नांत असा उजेड दिला. सरपंच प्रत्येक वेळी फेटा सारखा करून, पोट आत घेऊन उभे राहिले, आणि सातांपैकी एकाही लग्नाचा फोटो मागायला आले नाहीत. "मेव्हणं, लोकांला फोटो नको आसतोय," दाजी मला म्हणायचे, "चार लोकांत आपल्यावर उजेड पडला पायजे, बस."

एवढ्या हुशार माणसाला उतारवयात एक विचित्र नाद लागला आहे, निदान मी तो नादच समजत होतो. आता लग्नात त्यांना फोटोला कुणी बोलावत नाही, पाहुणे म्हणून बोलावतात. तरी ते गळ्यात कॅमेरा अडकवून येतात, नवरानवरीकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि मांडवात म्हातारी माणसं शोधत फिरतात. सत्तरीच्या पुढचं कुणी सापडलं की त्याला खुर्चीत बसवायचं, एक फोटो घ्यायचा, आणि आठ दिवसांच्या आत त्याची प्रत एसटीने जाऊन स्वतःच्या हाताने घरी पोचवायची. लोकांनी याचा सरळ अर्थ काढला. दाजी दिसले की म्हातारे काठ्या सावरत पंगतीत घुसतात. आमच्या गावच्या एका आजीने तर त्यांना तोंडावर सांगितलं, "मी आजून मरत नाय, जा तिकडं." दाजी हात जोडून म्हणाले, "नका मरू आजी. फोटो तेवढा राहू द्या." आजी त्यानंतर पाच वर्षं ठणठणीत राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवून, मी यापेक्षा बरी दिसते की नाही, असं विचारत राहिल्या.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. बीड बायपासवरचं मंगल कार्यालय, चार फोटोवाले, वर एक ड्रोन. त्या ड्रोनने अक्षता पडता पडता मामाचा फेटा उडवला आणि ते चित्र भल्यामोठ्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं. दाजींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतो. अक्का त्यांचा कोपर धरून चालत होती. दुपारी पंगती उठल्या, जावईबापू मित्रांत रमले, स्टेजवर मुलगी एकटी बसली होती. तेव्हा दाजी मला म्हणाले, "चल वर. पोरीसंग तुझा घेतो." मी उभा राहिलो. हात सवयीने तिच्या खांद्यावर ठेवला. "खांद्यावर नको," दाजी म्हणाले. "कोपराला धर. दोन बोटांनी." मला गंमत वाटली. मेहुण्याचा हक्क म्हणून मी म्हणालो, "दाजी, कोरडा तर नाही ना?"

दाजींनी कॅमेरा खाली घेतला. मुलीशेजारी नवरदेवाची मखमली खुर्ची मोकळी होती, तिच्यात ते येऊन बसले आणि म्हणाले, "कोरडा तुझ्या लग्नात व्हता."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या लग्नात तालुक्याचे एक पुढारी आले होते. माझं नोकरीचं काम त्यांच्याकडे अडकलेलं, म्हणून दाजींनी त्यांना खरे फोटो दिले, एक सोडून तीन. त्यात रोल संपला. "आनि तेवढ्यात आण्णा आले. सकाळपासून आचाऱ्यापाशी व्हते, धोतराला हात पुसत वर आले. म्हणले, जावईबापू, आमचा बी एक घ्या पोरासंग. सासरा मानूस, जन्मात पयल्यांदा काय तरी मागतंय. रोल संपला म्हणायला जीभ उचलली नाय माझी. बटण दाबलं." अक्का म्हणाली, "मला सुदिक नाय सांगितलं हो तुमी." तिने त्यांचा कोपर मात्र सोडला नाही. दाजी पुढे म्हणाले, "शहरात आले की दर येळी जिना चढायचे. आला का, म्हणायचे. फकस्त तेवढंच. आला नाय म्हणलं की पाणी पिऊन खाली उतरायचे. चार येळा आले. पाचव्या येळेला आलेच नायत."

मला राग आला. लग्नाची गडबड नसती तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. तीस वर्षं आम्ही एका लॅबवाल्याला शिव्या दिल्या होत्या, आणि आई त्या मोकळ्या खिळ्याकडे बघत गेली. पुढाऱ्याला खरा आणि अण्णांना कोरडा, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि जिच्यासाठी ते तीन फोटो गेले ती नोकरी मी जन्मभर केली, हेही फिरत होतं.

"तुला सांगू का कसा आला आसता?" दाजींनी विचारलं, आणि माझ्या होकाराची वाट न बघता सांगायला लागले. "टोपी जरा मागं सरकलेली, चुलवणाच्या धगीनं. सदऱ्याचं वरचं बटण उघडं. उजव्या हाताला बेसन लागलेलं, म्हणून तुझ्या नव्या कोटाला हात लावायला भ्यायले. कोपराला धरलं, दोन बोटांनी. आनि हसत व्हते. मी त्यांला हसू नका म्हणलो नाय." ते जराही अडखळले नाहीत. त्या दिवशी मी समोर कॅमेऱ्याकडे बघत होतो. अण्णा माझ्या अगदी शेजारी उभे होते आणि मी त्यांना पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते एकट्या दाजींनी, आणि त्यांना ते सगळं अजून पाठ होतं. माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही, पण मी मुलीचा कोपर दोन बोटांनी धरला. दाजी उठले, अक्काने त्यांना मागून धरलं, आणि त्यांनी फोटो घेतला.

आठव्या दिवशी ते आमचे दोन मजले चढून आले. पाणी न पिताच त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. फोटो थोडा हललेला आहे आणि त्यात मी सगळे दात दाखवून हसतो आहे. "गबाळा दिसतोस," दाजी म्हणाले, आणि मग पाणी मागितलं.

तो फोटो मी कपाटावर ठेवला आहे. खिळा तसाच मोकळा आहे. घरी कुणी आलं आणि खिळ्याचं विचारलं, तर मी आता सांगतो: टोपी जरा मागे, वरचं बटण उघडं, हाताला बेसन, दोन बोटं माझ्या कोपराला, आणि हसतायत. लोक भिंतीकडे बघतात आणि मान हलवतात. दाजी तिथे बसलेले असले तर मधेच म्हणतात, "उजव्या हाताला बेसन. डाव्या नाय."