आकडा मोठ्यानं वाचा

मीटरचाचांच्या दुकानात गेलं की गाडीला हात लागण्याआधी गिऱ्हाइकाला वाचन करावं लागायचं. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा, आणि तोही रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पुटपुटलेलं चालायचं नाही. डॉक्टर असो, वकील असो, हळदीचा व्यापारी असो, चाचा दारात उभे राहून दरडावायचे, "आवाज न्हाई का तुमाला? गाडी पळालीय, चोरी न्हाई केली. मोठ्यानं वाचा." काम झाल्यावर पुन्हा तेच. आधीचा आणि नंतरचा आकडा जुळला की मगच किल्ली हातात मिळायची.

सांगलीत मार्केट यार्डाकडच्या एका गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान होतं. गाड्यांची मीटर दुरुस्त करायचं. म्हणजे स्टिअरिंगमागे वेग, डिझेल, तापमान दाखवणारा काट्यांचा जो संच असतो, तो. हे काम करणारे इतरही होते. चाचांच्या मते मात्र नव्हते. "सांगली घ्या, सातारा घ्या, दोन्ही जिल्ह्यांत असला हात न्हाई," असं ते स्वतःच सांगायचे, कुणी विचारलं नसताना. या माणसाला नम्रता कुणी शिकवलीच नव्हती आणि मला ते फार आवडायचं.

मी शिकवते ती शाळा कवठे महांकाळला, घर सांगलीत. रोज गाडीनं जाणं-येणं. एक दिवस मिरजेच्या अलीकडे मीटरचे सगळे काटे एकदम खाली पडले. गाडी पळतेय आणि काटा म्हणतोय ती उभी आहे. मी डॅशबोर्डवर एक बुक्की मारली, काटे उठले. पुढे बुक्की मारायची सवयच लागली. मग डिझेलचा काटा टाकी भरल्याचं सांगत असताना भर उन्हात गाडी बंद पडली, तेव्हा मात्र कंपनीच्या शोरूमला गेले. तिथला टाय घातलेला पोरगा म्हणाला, "मॅडम, आख्खं मीटर बदलावं लागेल. नव्यावर किलोमीटर शून्यापासून सुरू होतील. विकताना तुमचाच फायदा." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं त्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेतली ती काय शून्य दाखवायला? मी गाडी वळवली आणि कुणीतरी सांगितलं होतं म्हणून चाचांकडे आले.

त्यांनी आधी आकडा वाचून घेतला. मग डॅशबोर्डवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, लय मारलंय हिला तुमी." मी कबूल केलं. "मारलं की बोलती, म्हणून मारताय. वर्गात पोरांनाबी असंच करता का? मारून बोलाय लावलेलं खरं नसतंय." आतल्या जोडांचं सोल्डर, म्हणजे कथलाचा डाग, सुटलं होतं, ते त्यांनी तासाभरात जोडून दिलं. मी तेव्हापासून वर्गात छडी नेली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल, कारण छडी मी आधीही नेत नव्हते. पण ते वाक्य मात्र मी पुढे स्टाफरूममध्ये वेळोवेळी वापरलं.

मीटरचे काटे काढायला चाचा चहाचे दोन चमचे वापरायचे. खाली फडकं घालायचं, दोन्ही बाजूंनी चमचे सारायचे आणि अलगद दाबायचं. काटा टक् करून वर यायचा, तबकडीवर ओरखडा उठायचा नाही. हे चमचे समोरच्या अण्णाच्या चहाच्या गाड्यावरून आणलेले, आणि ते कधीच परत गेले नाहीत. अण्णा रोज मागायचा. चाचा रोज म्हणायचे, "तुझ्या चहात साखर असती का ढवळायला?" गाड्यावरच्या मंडळींचा खेळही ठरलेला होता. गाडी आली की तिच्याकडे बघून आकड्याचा अंदाज करायचा, चुकला त्यानं चहा पाजायचा. चाचांनी उघडलेल्या प्रत्येक मीटरचा आकडा त्या गल्लीनं असा कान देऊन ऐकलेला असायचा.

या मोठ्यानं वाचण्यामागे कारण होतं. मीटर बदलताना आकडा हवा तसा भरता येतो. भंगारातल्या गाडीचं मीटर आणलं तर त्यावर त्या गाडीचे किलोमीटर असतात, ते पुसून आपल्या गाडीचे भरावे लागतात, त्या मीटरला किल्लीची ओळखही पुन्हा करून द्यावी लागते, नाहीतर गाडी सुरूच होत नाही. हे सगळं ज्याला जमतं त्याला लाखाचे चाळीस हजार करणंही जमतं. चाचांकडे तसली माणसं यायची. ती पुढे काही बोलायच्या आतच चाचा त्यांना गल्लीबाहेर काढायचे. "गाडीचं वय चोरायचं? घेणारा तिच्यात बायकापोरं बसवणार हाय रं. पट्टा बदलायचा त्यो आकडा बघूनच बदलणार. वाटंत तुटला म्हंजी?" पट्टा म्हणजे इंजिनाचा. तो ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो, तुटला तर इंजिनच जातं.

चाचांच्या दुकानासमोर तिरक्या बाजूला जुन्या गाड्यांचा एक बाजार होता. मालकाला सगळे शेठ म्हणत. गॉगल, पांढरा शर्ट, तोंडात कायम 'दादा' आणि 'ताई'. चाचांनी नाही म्हटल्यावर शेठ हे काम दुसरीकडून करून आणायचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं अशीच एक गाडी साताऱ्याकडच्या एका निवृत्त फौजींना विकली. त्यांनी ती तिकडच्या गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकनं मशीन लावलं तेव्हा कळलं, की मीटरवर एक आकडा आहे आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भलताच मोठा. फौजी तडक सांगलीला आले आणि शेठची कॉलर धरली. शेठनं कॉलर सोडवून घेतली, बोट समोर केलं आणि म्हणाला, "दादा, मी फक्त गाडी विकतो. मीटरचं काम ते चाचा करतात."

फौजींनी चाचांना भर गल्लीत चोर म्हटलं. भाषा त्यांची लष्करातली, आवाज कवायतीचा. आयुष्यभर गिऱ्हाइकांवर ओरडणारा हा माणूस त्या दिवशी ओरडला नाही. चाचांनी फक्त चहाच्या गाड्याकडे पाहिलं. तिथं अण्णा होता, नेहमीची चार टाळकी होती. एकानंही तोंड उघडलं नाही. फौजी थुंकून निघून गेले.

मी त्या वेळी शाळेत होते. दुसऱ्या दिवशी चाचांच्या मुलीनं, शबानानं, मला सांगितलं. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वडिलांबरोबर दुकानात बसायची, प्रोग्रॅमिंगचा भाग तीच बघायची. चाचा आत स्टुलावर पाठमोरे बसले होते. म्हणाले, "बाई, एकानं म्हणायला पायजे हुतं, ह्यो आकडा आमी ऐकला न्हाई. एवढंच. मी केलं असतं तर ऐकला नसता का त्यांनी?"

मी तशीच अण्णाकडे गेले. म्हटलं, "तुमच्या कानावर पडल्याशिवाय चाचांनी एक तरी मीटर बंद केलंय का?" अण्णा फडक्यानं पातेलं पुसत राहिला. "न्हाई की. पर मॅडम, धंदा करायचा हाय. शेठच्या बाजारात रोज चहा जातो आपला." त्यानं पुढे केलेला कप मी त्याच्यासमोर गटारात ओतला. तेव्हापासून त्या गाड्यावरचा चहा प्यायले नाही. शेठलाही जाब विचारला. तो हसला. हसला, याचा मला अजून संताप येतो. म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकालाच कमी आकडा आवडतो. आणि चाचांचं काय बिघडलं? मीटरवाल्याबद्दल लोक असं बोलतातच."

काय बिघडलं ते मी बघत होते. दारात गाड्यांची रांग असायची तिथं ऊन पडायला लागलं. जी माणसं पूर्वी यायची ती वळसा घालून जायला लागली, आणि त्यांच्या जागी आकडा कमी करून मागणारी येऊ लागली, कारण त्यांना वाटलं, हा आपलाच माणूस. चाचांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. तरी कुणी आलं की चाचा दारात उभे राहून म्हणायचेच, "मोठ्यानं वाचा." ऐकणारे मात्र आता माना खाली घालून चहा प्यायचे. पैजा बंद झाल्या होत्या.

एका दुपारी मीटरमागचा दिवा गेला म्हणून मी तिथं बसले होते. शेठ एक छोटी गाडी घेऊन आला, आणि ती गल्लीत न ठेवता पार दुकानाच्या दारात घुसवली. खाली उतरून हळूच म्हणाला, "चाचा, पोरीला साताऱ्यात नोकरी लागलीय. तिच्यासाठी घेतोय, दुसऱ्या एजंटाकडनं. जरा बघा, आकडा खरा हाय का. तुमच्याशिवाय कुणावर भरवसा न्हाई."

मी उठलेच. म्हटलं, आता चाचा ह्याला चपलेनं मारतील, आणि मी धरायला जाणार नाही. चाचांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वाच." शेठनं आकडा पुटपुटला. "मोठ्यानं." त्यानं वाचला. मग शबानानं इंजिनाला मशीन लावलं. चाचांनी मशीनचा पडदा त्याच्यापुढं धरला. "आता ह्यातला वाच. तेवढ्याच मोठ्यानं." दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. शेठनं तो वाचला तेव्हा चहाच्या गाड्यावरच्या माना वर झाल्या.

"पोरीला ही देऊ नगंस," चाचा म्हणाले. "पट्टा कवा तुटंल सांगता येत न्हाई. आन् आता ती फौजींची गाडी. तिचा आकडा कुणी बदलला, तेबी मोठ्यानं सांग."

शेठनं गॉगल घातला. "चाचा, त्यावर नंतर निवांत बोलू," म्हणाला आणि गाडी मागे घेऊन गेला. ती गाडी त्यानं मुलीला दिली नाही, हे खरं. परत केली. पण बोलायला आला नाही. चाचांना वाटत होतं, येईल. इतका धडधडीत खोटा पडलेला माणूस एकदा तरी येईल. रस्त्यापलीकडे पांढरा शर्ट दिसला की ते हातातलं काम थांबवायचे. मला त्याचा फार राग यायचा, शेठचाही आणि चाचांच्या त्या वाट बघण्याचाही. एकदा मी म्हटलंही, "सोडा हो चाचा, तो कसला येतोय." ते म्हणाले, "आवं बाई, त्याच्यासाठी न्हाई बसलोय. माझं नाव त्याच्याकडं हाय न्हवं."

नाव त्याच्याकडेच राहिलं. चाचा झोपेतच गेले. आणि तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला भला मोठा फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. प्रामाणिकपणाचा दीपस्तंभ हरपला.' चाचांचा फोटो आधारकार्डाइतका, आणि खाली शेठचा, गॉगलसकट, हात जोडलेला, चाचांच्या चौपट. त्याखाली बाजाराचं नाव आणि 'सर्व प्रकारच्या जुन्या गाड्या खात्रीशीर मिळतील'. खात्रीशीर. मी त्या फ्लेक्ससमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवत राहिले, दुसरं काय करावं ते सुचेना. आयुष्यात इतका निर्लज्जपणा मी पाहिला नव्हता, आणि मी शाळा तपासणीला आलेले साहेबलोक पुष्कळ पाहिलेत.

गेल्या महिन्यात माझं मीटर कायमचं गेलं. कितीही सोल्डर केलं तरी उठेना. शबानानं भंगारातून त्याच मॉडेलचं आणलं. त्यावर कुठल्या तरी परक्या गाडीचे किलोमीटर होते. तिनं माझ्या जुन्या मीटरमधला आकडा काढून नव्यात भरला, किल्लीची ओळख करून दिली, तेच दोन चमचे सारून काटे काढले आणि पुन्हा नीट बसवले. मग दारात उभी राहिली, चाचा राहायचे तशी, आणि म्हणाली, "वाचा, बाई. मोठ्यानं."

मी गाडीतून उतरले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची सवय असलेला आवाज आहे माझा. मी शेठच्या बाजाराकडे तोंड केलं आणि वाचला, "एक लाख एक्क्याऐंशी हजार चारशे सात." आणि थांबलेच नाही. म्हटलं, "आणि फौजींच्या गाडीचा आकडा चाचांनी बदलला नव्हता."

शेठ त्याच्या बाजाराच्या दारात उभा होता, तो आत गेला नाही. चहाच्या गाड्यावर अण्णानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता, खाली बघत तो म्हणाला, "व्हय. त्यो आकडा आमी कवाच ऐकला न्हाई."

एवढंच वाक्य होतं. एवढं बोलायला या माणसाला इतका वेळ लागला, आणि ज्याला ते ऐकायचं होतं तो मातीत. मी त्याला तेच सुनावणार होते. पण शबाना हातात चमचे घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत आली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "मोठ्यानं."