इकोसाठी सोडलेली जागा

लग्न असो, तेरवी असो की मतदारांना हात जोडणं असो, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात माइकला इको लागतोच. ‘हॅलो’चं ‘हॅलो लो लो’ झाल्याशिवाय माइक सुरू झाला असं कुणी मानतच नाही. मला त्याची शिसारी येते. लालबर्रा गावात एका तेरवीच्या जेवणाला माइकवरून ‘बसून घ्या घ्या घ्या’ सुरू झालं, तेव्हा माझी भूकच मेली होती.

त्याहून घाणेरडे बाजारातले आवाजाचे तयार डबे. बटण दाबलं की आतली बाई किंचाळते, “ब्लूटूथ मोड!” बुद्धविहारात मेणबत्त्या लागलेल्या, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि ही बया! एके दिवशी तिथून घरी येतायेताच ठरवलं, आपला बोर्ड आपणच करायचा.

इलेक्ट्रॉनिक्स मी शिकवतेच. घरबसल्या आवाजाचे उद्योग करणार्‍या कुणालाही चालेल असा एकच सर्किट बोर्ड मला हवा होता. मधोमध मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आपण सांगू ते काम करणारी चिप. एका अंगाला माइक, दुसर्‍या अंगाला स्पीकर. हवे ते भाग जोडा, नको त्यांची भोकं रिकामी ठेवा. दारावरची घंटा करा, खेळणं करा, गिटारला लावा. सगळ्यांसाठी म्हटल्यावर इकोच्या नॉबलाही जागा सोडावी लागली. ती आखताना तोंड कडू झालं.

पण खरी घाई होती ती आत्यासाठी. आषाढ ते आश्विन पौर्णिमा, असे वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, आणि आमच्या वॉर्डात तो मान कित्येक वर्षं वडिलांच्या या मोठ्या बहिणीचा. मागच्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज बारीक आणि फाटका झाला, वाक्य अर्ध्यावर आलं की धाप लागायची. कमिटीने ठरवून टाकलं, आत्याला जमलं नाही तर मोबाइलवरचं वाचन लावायचं. मी ते ऐकलं. वाचणारा बसचं वेळापत्रक सांगितल्यासारखा वाचतो आणि मागे बासरी वाजते. शी! त्या बासरीच्या हाती आत्याची जागा जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिला बोर्ड आला तो नुसता चिरचिरत होता. चिपच्या आणि माइकच्या रेषा मी शेजारी-शेजारी आखल्या होत्या, त्यामुळे चिपची सगळी किरकिर माइकमध्ये शिरली. तो बोर्ड मी कचर्‍यात फेकला आणि नकाशा पुन्हा आखला. दुसरा मात्र स्वच्छ निघाला. घशातून जे निघेल तेच स्पीकरमधून येईल.

आषाढ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बोर्ड एका डब्यात बसवला आणि आत्याला घेऊन विहारात गेले. तयारीला जमलेल्या लोकांतून कमिटीचे सचिव वाकून पाहू लागले.

“मॅडम, इको नाही ठेवला काहून? मजा नहीं आयेगा.”

“मजेसाठी वाचून राह्यले काय तुम्ही?” मी म्हटलं.

आत्याने पान उघडलं आणि वाचायला लागली. एकेक खरखर, एकेक धाप भिंतीपर्यंत स्पष्ट पोचली. मी खूश होते. दोन वाक्यांतच तिने ग्रंथ मिटला.

“हा माहाच आवाज होय?”

“हौ आत्या.”

“मंग मोबाइलच लावा.”

मग तिनेच डब्याकडे बोट दाखवलं. “तुह्या डब्यात इको नाही काय?”

“आत्या, तुलेबी इको पाहिजे?”

“लाव न बाई.”

रिकाम्या भोकांत नॉब बसवून मी तो तिथेच सोल्डर केला. चिपला सांगितलं, शब्द साठव आणि मागाहून सोड. मेलेला उंदीर उचलताना जेवढं बरं वाटतं तेवढंच बरं वाटत होतं. आत्या म्हणाली, “अजून उशिरा येऊ दे.” मी नॉब फिरवला. “अजून.” मी शेवटपर्यंत फिरवला. आता तर ते लग्नातल्या माइकपेक्षाही भयंकर झालं होतं.

मग ती वाचू लागली. चार शब्द वाचायची आणि थांबायची. ते शब्द स्पीकरमधून परत येत, लोक तिकडे कान देत, आणि तेवढ्यात ती श्वास घ्यायची. मग पुढचे चार शब्द. धाप कुणाला ऐकूच आली नाही. सचिव माझ्याकडे पाहून हसले, तेव्हा मला त्यांचाही राग आला.

तीन महिने तिनेच वाचलं. आश्विन पौर्णिमेला शेवटच्या पानावरचा शेवटचा शब्द विहारभर घुमला. मागे बसून ऐकताना मला तो नेहमीसारखाच किळसवाणा वाटला. तरी तो इतक्यात संपू नये असंही वाटत होतं. आत्याचा श्वास अजून घेऊन झाला नव्हता.