पेपराचं गाऱ्हाणं

इंग्रजांच्या काळात दर वर्षी डिसेंबर संपता संपता देशातल्या कुठल्यातरी मोठ्या शहरात देशाच्या सभेचा मांडव उभा राहायचा, पुढारी जमायचे आणि त्या वर्षीचे अध्यक्ष भाषण करायचे. येत्या वर्षात देशानं काय करायचं, काय सोडायचं, सरकारकडं काय मागायचं, ते सगळं त्या भाषणात असे. ऐकायला हजारो लोक जमले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असंही पेपरात छापून येई. आमच्या गावात त्या भाषणाला कधी कोणी टाळी वाजवली नाही. आमच्या गावानं त्याला "व्हय म्हाराजा" म्हटलं. टाळी वाजवून माणूस हात झटकून घरी जाऊ शकतो. "व्हय म्हाराजा" म्हटल्यावर तसं जाता येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

आमचं गाव रत्नागिरीपासून दिवसभराच्या चालीवर, आत डोंगरात. भाताची खाचरं, थोडी नाचणीपुरती वरकस जमीन, आणि घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. माझे वडीलही तिकडंच. पौषात कोणी बोटीनं गावाकडं निघालं की त्याच्याबरोबर ते भाषण छापलेला पेपर न चुकता पाठवायचे. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. चाळीत कोणीतरी मोठ्यानं वाची, ते ऐकून त्यांना वाटे, हे गावाला कळलं पाहिजे.

गावाला कळायचं तर शाळामास्तरांनी वाचायचं, आणि माणसं बसायची तर ग्रामदेवीच्या देवळात. पहिल्या वर्षी सभा कशी असते हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. देवळात एकानं उभं राहून मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा एकच प्रसंग गावाच्या ओळखीचा होता, तो म्हणजे गाऱ्हाणं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडं गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढं नारळ ठेवून गावाच्या वतीनं घातलेलं मागणं. मानकरी एकेक वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतं. जे देवीकडं मागायचं ते मागायचं, आणि जे आपण कबूल करायचं ते त्यातच कबूल करायचं. तो मान आमच्या घराचा. माझे थोरले काका गाऱ्हाणं घालायचे. त्यांचा आवाज पलीकडच्या वाडीत ऐकू जाई.

तर मास्तरांनी पहिलं वाक्य वाचून श्वास घेतला, आणि काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" मागोमाग सगळं गाव तेच बोललं. मास्तर दचकले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढं वाचायला लागले. त्या दिवसापासून ती रीतच पडली.

काय काय कबूल केलं नाही आमच्या गावानं! ज्या बायकांनी जन्मात आगगाडी पाहिली नव्हती, त्यांनी रेल्वेच्या कारभारावर व्हय म्हटलं. रुपया-पौंडाच्या हुंडणावळीचा दर कशाशी खातात हे मास्तरांनासुद्धा सांगता येईना, त्यालाही व्हय. परदेशी कापड सोडण्याला तर सगळ्यात मोठा व्हय, कारण गावातलं सगळं कापड मुंबईच्या गिरण्यांतलं, गावच्याच माणसांनी आणलेलं, सोडायला होतंच काय? भाषण संपलं की मग चर्चा. एक म्हातारे दर वर्षी एकच मत द्यायचे, "बोलला झ्याक. पन पावसाचं काय नाय बोलला." हे मत खोडून काढणं कोणालाच कधी जमलं नाही.

फक्त एकच माणूस एकदाच आडवा गेला. पहिल्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले एक पेन्शनर सुभेदार होते. लष्करावरचा खर्च कमी करावा असं वाक्य आलं, गाव व्हय म्हणालं आणि सुभेदार उठून उभे राहिले. "माझं नाय म्हाराजा," असं ठणकावून बोलले आणि खाली बसले. कोणी रागावलं नाही. गुरव म्हणाला, "सुबेदाराचं नाय, बाकी गावाचं व्हय," आणि वाचन पुढं चालू झालं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या देवळात नाही म्हणायला मज्जाव नव्हता.

आता माझ्याबद्दल. मी गावच्या शाळेतली शेवटची इयत्ता पहिल्या नंबरानं पास झाले होते. मुलीनं पहिला नंबर काढला याचं गावाला कौतुक होतं, जसं दोन डोक्यांच्या वासराचं असतं तसं. मास्तर म्हणत, हिला रत्नागिरीला पाठवा, मुलींच्या शाळेत. सातवीची फायनल परीक्षा झाली तर मास्तरीण होईल. रत्नागिरीत माझी मावशी होती, तिचा नवरा बंदरावर कामाला होता, राहायची सोय होती. अडचण एकच, काकांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. दोन डोंगर पलीकडचं घर, जमीन बरी, मुलगा मुंबईत कामाला. बोलणी झाली होती, माघात सुपारी फुटायची होती. मी आईजवळ रडले, रागावले, एक दिवस जेवले नाही. आई म्हणाली, "माझ्यापुडं रडून काय? भावोजींच्या पुडं माझं तोंड उगडत नाय, तुला ठावं हाय." वडील मुंबईला, घरात शब्द काकांचा. काका वाईट नव्हते. पण एकदा बोलले की बोलले, असा त्यांचा खाक्या होता.

त्या वर्षी पौषात पेपर आला आणि मास्तर वाचायला कां कूं करायला लागले. सरकारी शाळेतल्या मास्तरांनी असली भाषणं चारचौघांत वाचू नयेत, अशी वरून ताकीद आली होती. पोट तर सर्वांनाच आहे. ते काकांना म्हणाले, "मुलीला वाचू दे. तिला कोण नोकरीवरून काढणार आहे?" आणि आदल्या दिवशी सरावाला म्हणून त्यांनी पेपर माझ्याकडं दिला. मी तो ओटीवर बसून सगळा वाचला. चौथ्या रकान्यात एक जागा आली, ती मी दोनदा वाचली. मुलींना शिकवा, कोवळ्या वयात त्यांची लग्नं उरकू नका, ज्या घरातून एक मुलगी शिकून बाहेर पडेल त्या घरानं देशाचं काम केलं, अशा अर्थाचा तो मजकूर होता. मास्तरांनी तो आधी वाचला होता का? त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. पोलीस पाटील आले, आपण काही ऐकत नाही हे दिसावं म्हणून आमच्याकडं पाठ करून पायरीवर बसले. मला पुढं उभी केलेली पाहून कुजबुज सुरू झाली. पोरीच्या वाचण्याला वजन काय? काकांच्या कानावर ते गेलं आणि त्यांचा मान दुखावला. ते तरातरा घरी गेले, नारळ घेऊन आले आणि देवीपुढं ठेवून म्हणाले, "वाचत्ये पोर, पन गाऱ्हानं माझं हाय. कोनाला काय बोलायचं हाय?"

इतकी वर्षं पेपर नुसता वाचला जात होता, नारळ कधी ठेवला नव्हता. तो त्या दिवशी काकांनी आपल्या हातानं ठेवला.

मी वाचायला लागले. आवाज घरचाच होता, काकांसारखा, खणखणीत. एक अक्षर मी पदरचं घातलं नाही, एक गाळलं नाही. फक्त कुठं थांबायचं ते माझ्या हातात होतं. कर, कापड, दारूबंदी, सगळ्यांना व्हय मिळत गेलं, गाव चांगलं लयीत आलं. मग मी चौथ्या रकान्यातली ती वाक्यं एकेक करून वाचली आणि प्रत्येकाशेवटी थांबून काकांकडं पाहिलं. "व्हय म्हाराजा!" पहिला आवाज प्रत्येक वेळी त्यांचाच. पायरीवर पाटलांची पाठसुद्धा व्हयच्या लयीत हलत होती. लग्नाच्या वाक्याला व्हय म्हणून झाल्यावर काकांचं तोंड जरा उघडंच राहिलं. पण तोवर मी पुढच्या परिच्छेदावर गेले होते.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "काका, आता माझं लग्न कसं करणार?"

"ती पेपरातली गोष्ट," काका म्हणाले.

"नारळ पेपरवाल्यांनी ठेवला काय?"

आईच्या हातातली परात खाली पडली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. मी म्हटलं, "सुभेदार नाही म्हणाले होते. तुम्हांलाही म्हणता येत होतं."

काका न जेवता उठले. त्यांच्या अंगावर दोन शब्द येऊन पडले होते, एक माणसाला दिलेला, एक देवीला. दुसरा कोणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. काका नेऊ शकत नव्हते, कारण गाव त्यांच्या तोंडानं देवीशी बोलत होतं. त्या तोंडचा शब्द पोकळ निघाला तर शिमग्याला गाऱ्हाणं कोणत्या तोंडानं घालायचं? हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही. मी त्याच घरातली होते.

दोन दिवसांनी त्यांनी देवीला कौल लावला. आमच्याकडं निवाडा असाच मागतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काका हात जोडून म्हणाले, "आये, चुकून बोललो. मोकला करनार असशील तर उजवी दे." मी आईच्या शेजारी खांबाला टेकून बसले होते. मान खाली घातली नाही.

उजवी पडेना. डावीही पडेना. सकाळची उन्हं पायरीवरून उतरून अंगणात गेली, गावातली अर्धी माणसं बघून परत गेली, सुभेदार तेवढे तंबाखू चोळत बसून राहिले. शेवटी गुरवच कंटाळला. "मानकरी, पाकल्या सुकत चालल्या. पुन्ना लावू काय?"

काका पंच्यानं तोंड पुसून उठले. "नको. आयेला इचारन्यासारखं काय ऱ्हायलंच नाय. मी चुकून बोललो म्हनालो, ते खोटं. मोठ्यानं बोललो, नारल ठेवून बोललो. सुबेदार नाय बोलला, मी व्हय बोललो. त्याला ती काय करंल?"

सुभेदारांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "हा शिपायाचा जबाब."

दुसऱ्याच दिवशी काका दोन डोंगर ओलांडून मुलाकडच्यांची माफी मागून आले. तिथं त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. त्या घरानं पुढं कित्येक वर्षं आमच्या शिमग्याला पाऊल टाकलं नाही. गावानंही नावं ठेवलीच. भाषणाला व्हय म्हणणं वेगळं आणि मानकऱ्याच्या घरची घोडनवरी रोज पाहणं वेगळं. ज्यांनी ज्यांनी देवळात व्हय म्हटलं होतं, त्यांच्यातल्या एकानंही त्या वर्षी दुसरी मुलगी पाठवली नाही. मला त्याचा राग आला होता, अजून आहे.

मिरगाच्या पेरणीआधी परत यायचं म्हणून काका मला लगबगीनं रत्नागिरीला घेऊन निघाले. माझी पत्र्याची ट्रंक त्यांच्या डोक्यावर. शाळेच्या मोठ्या बाई नऊवारी नेसलेल्या, चष्मा लावणाऱ्या, कडक. खेडेगावातून आलेल्या पालकांचा त्यांना चांगला अनुभव असावा. माझ्याकडून दोन पानं वाचून घेतल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण वर्षभरात लग्नासाठी काढून न्यायची असेल तर आत्ताच सांगा. फायनल होईपर्यंत ठेवाल ना?"

काकांनी वहाणा बाहेर काढल्याच होत्या. त्यांनी मुंडासं सारखं केलं, हात जोडले, डोळे मिटले आणि पलीकडच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. बाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला. शहरातल्या माणसांना काय कळणार? मला कळलं. आता आभाळ कोसळलं तरी हा माणूस मला मागं नेणार नव्हता. देवळात आलं नव्हतं ते रडू मला तिथं आलं, हुंदके देऊन देऊन आलं.

काकांनी ट्रंक भिंतीला लावून ठेवली आणि वहाणा घालता घालता म्हणाले, "रडतेस काय, बाय? पौषात पेपर येईल. वाचायला तूच यायचंस. नारल मी ठेवतो."